मेन्यूतली चालू लिंक: रंगाआधी पत्ता जुळवा

समजा, ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या स्टेशनांची साइट आहे. मेन्यूत ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, तुर्भे, वाशी. जे पान उघडलंय त्याची लिंक उठून दिसावी, काम एवढंच. बहुतेक जण 'अ‍ॅक्टिव्ह' क्लास लावून मोकळे होतात. पण स्क्रीन रीडरला, म्हणजे अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्या क्लासचा पत्ताच नसतो. त्याऐवजी लिंकला 'सध्याचं पान हेच' असं सांगणारं आरिया-करंट (aria-current) हे अ‍ॅट्रिब्यूट लावा, व्हॅल्यू 'पेज' द्या आणि सीएसएसचा सिलेक्टरही त्यावरच लिहा. वेगळा क्लास हवाच कशाला?

खरी गोची पत्ता जुळवताना होते. 'उघडलेल्या पानाचा पाथ (पत्त्यातला डोमेननंतरचा भाग) या लिंकच्या पाथने सुरू होतो का' एवढंच तपासलं, तर मुख्यपान कायम रंगलेलं राहतं, कारण प्रत्येक पाथ स्लॅशनेच सुरू होतो. ठाणे-पूर्व उघडलं की ठाणेही पेटतं! मुख्यपानाला तंतोतंत बरोबरी लावा. बाकीच्यांचा पाथ एकतर अगदी तोच हवा, नाहीतर लिंकच्या पाथपुढे एक स्लॅश जोडून त्याने सुरू होणारा. तुलनेआधी शेवटचा स्लॅश काढून टाका. प्रश्नचिन्हापासूनचा भाग तर घेऊच नका.

रिअ‍ॅक्टमध्ये साइट बांधत असाल, तर रिअ‍ॅक्ट राउटर या लायब्ररीचं नॅवलिंक हे तयार कंपोनंट यातलं बरंच सांभाळतं, आरिया-करंटही स्वतःच लावतं. ठाण्याच्या पाथखालचं वेळापत्रकाचं पान उघडल्यावर ठाणे रंगायला नको असेल, तर त्या नॅवलिंकला 'एंड' प्रॉप द्या.

पाथ मराठीत असेल तर आणखी एक खड्डा. ब्राउझर पाथनेम एन्कोड करून, म्हणजे मराठी अक्षरांऐवजी टक्क्याच्या चिन्हांचे कोड घालून देतो. 'ठाणे' या शब्दात चार युनिकोड चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरं: म्हणजे 36 अक्षरांची माळ. ती साध्या 'ठाणे'शी कधीच जुळणार नाही, आणि कन्सोलमध्ये एररही दिसणार नाही. आधी डीकोड करा, मग तुलना.

पान रीलोड न होता बदलत असेल, तर सुरुवातीला एकदाच चालणारा कोड जुनीच लिंक रंगवून ठेवतो. कोडमधून पत्ता बदलणाऱ्या पुशस्टेटने पॉपस्टेट इव्हेंट येत नाही, तो बॅक-फॉरवर्डला येतो. दोन्हीकडे तपासणी हवी.

दिसण्याचं म्हणाल तर नुसत्या रंगावर भिस्त नको, ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांचं काय? ठळक टाइपही टाळा, शब्द रुंदावतो आणि शेजारच्या लिंका सरकतात. सगळ्या लिंकांना आधीच 3 पिक्सेलची पारदर्शक खालची बॉर्डर द्या, चालू लिंकची फक्त रंगवा. साधी अंडरलाइन 'तुर्भे'च्या उकाराला भिडते किंवा तिथे तुटते, बॉर्डर त्याच्या खालून जाते.