स्टँडिंग सीम पत्र्याचं स्पेसिफिकेशन मंजूर करून घेताना : माझा अनुभव

स्पेसिफिकेशन, म्हणजे माल कसा आणि काम कसं हवं याचा कागद, लिहायला फार वेळ लागला नाही, डोकं फिरलं ते मंजुरीत. अजून आठवलं की चिडचिड होते म्हणून लिहून टाकतो, कोणाला तरी उपयोग होईल.

काम चोपडा तालुक्यातलं, शेतकरी कंपनीचं मक्याचं गोडाऊन, अनुदानातलं. जागा, नकाशा, माती, कॉलम सगळं पटापट झालं, त्यावर सांगण्यासारखं काही नाही. छपराला मात्र मी हट्टानं स्टँडिंग सीम धरलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याला हात लावून बघा म्हणजे कळेल, साध्या पत्र्यात स्क्रूखालचा रबरी वायसर काही उन्हाळ्यात कडक होऊन जातो आणि मग जूनच्या पहिल्या पावसाला बरोबर त्याच भोकातून थेंब थप्पीवर. स्टँडिंग सीममध्ये मधल्या पत्र्याला भोकच पडत नाही, पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी दांड्यांवर, क्लिप बसते आणि दोन पत्र्यांच्या उभ्या कडा क्लिपसकट मशीननं दुमडतात.

ही सिस्टीम एका कंपनीची, त्यामुळे त्यांच्याकडून तयार स्पेसिफिकेशन पण आलं, सीएसआय या अमेरिकन बांधकाम-स्पेसिफिकेशन संस्थेच्या तीन भागांच्या पद्धतीचं, जनरल, प्रॉडक्ट, एक्झिक्युशन. वाचायला झकास. पण रिबची (दुमडलेल्या उभ्या कडेची) उंची, क्लिपचा आकार, सीलंटचं नाव सगळं त्यांचंच, म्हणजे दुसऱ्या कोणी टेंडर भरायचंच नाही. ते जसंच्या तसं फाईलला चिकटवू नका भो, पहिल्याच टेबलावरून परत येतं.

माझी फाईल तिथेच अडकली. मंजुरी देणाऱ्या साहेबांचा पहिला शेरा, ब्रँडचं नाव काढा. इथे मी साहेबांच्या बाजूचा आहे, केंद्राच्या जीएफआर 2017, म्हणजे सरकारी खर्च-खरेदीच्या नियमांच्या, नियम 144 मध्येच आहे की वर्णन कामगिरीचं करा, ट्रेडमार्क किंवा ब्रँड मागू नका. काढलं नाव. तर पुढचा शेरा, नाव नसेल तर ठेकेदार काय आणेल, तीन मेक (कंपन्यांची नावं) लिहा. तीन मेक लिहिले तर म्हणे पुढे 'किंवा समकक्ष' लिहा. तेही लिहिलं, पण समकक्ष कोण आणि कशावरून ठरवायचं ते साहेबांना नको होतं, 'ते साईटवर बघू' म्हणे. साईटवर बघू म्हणजे पत्रा चढल्यावर भांडण, दुसरं काय! मी अडून बसलो आणि एक तक्ता जोडला: कोटिंग किती, स्टीलची ताकद किती, वाऱ्याची उचल (छप्पर वर ओढणारा जोर) किती झेलायची, कोणत्या टेस्टनं दाखवायचं, आणि हे सगळे कागद टेंडरसोबतच द्यायचे, ऑर्डर मिळाल्यावर नाही. शिवाय पत्रा, क्लिप, सीलंट, फ्लॅशिंग (कडा झाकायची पट्टी) सगळं एकाच मेकचं. कारण एकाचा पत्रा आणि दुसऱ्याची क्लिप आली की टेस्ट रिपोर्टला अर्थ राहत नाही आणि गळती झाली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

मग खरा घोळ, स्क्रू! सरकारी दरसूचीतल्या पत्र्याच्या आयटममध्ये स्क्रू आहेत, तुमच्यात का नाहीत, प्रत्येक पर्लिनवर पत्रा स्क्रूनं पक्का धरा, असा शेरा. अहो पण पत्रा धरायचाच नाहीये, सरकू द्यायचाय! तोंडी सांगून काही होईना, फाईल त्याच टेबलावर, साहेब कधी मीटिंगला, कधी जळगावला. शेवटी एका पानावर हिशोब मांडला. आमचं गोडाऊन एकाच उताराचं, पत्रा 24 मीटर अखंड. स्टील दर अंशाला मीटरमागे 0.012 मिलिमीटर वाढतं, थंडीतली पहाट आणि मेची दुपार यात पत्र्याच्या तापमानात 60 अंशांचा फरक धरला तर 17 मिलिमीटर होतात. म्हणून एका टोकाला पत्रा पक्का, बाकी सगळ्या क्लिपा सरकत्या, आणि दुसऱ्या टोकाच्या फ्लॅशिंगला तेवढी जागा. प्रत्येक पर्लिनला स्क्रू मारले तर हे 17 मिलिमीटर जाणार कुठे, एक तर भोक लांबट होतं नाही तर पत्रा कण्हत फुगतो.

हे पान वरच्या साहेबांकडे गेलं, त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, एकच विचारलं 'पक्कं टोक कोणतं?', मी म्हणालो वरचं, आणि सही. इतके दिवस खालच्या टेबलावर जे हललं नाही ते तिथे पाच मिनिटांत हललं, खरं सांगतो, बाहेर येऊन दोन चहा प्यालो. दरसूचीत हा आयटम नसल्यानं दराचं कोटेशन लावून रेट ॲनालिसिसनं, म्हणजे दराची फोड मांडून, निभावलं.

अरे हो, जाडीचं राहिलंच. '0.50 मिमी' एवढंच कधीच लिहू नका, बीएमटी म्हणजे नुसत्या स्टीलची जाडी लिहा. एझेड 150 म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम ॲल्युमिनियम-जस्ताचं कोटिंग, तेच साधारण 0.04 मिमी होतं, त्यावर रंगाचा थर, आणि विकणारा सगळं धरून 0.50 म्हणतो, आत स्टील 0.42 च्या आसपास निघतं.

उचलीचं पण लिहून ठेवा. रावेर-यावलकडे पावसाआधीच्या वादळात केळीच्या बागा आडव्या झालेल्या सगळ्यांनी पाहिल्यात, आणि छपराच्या कोपऱ्यांना आणि कडांना वाऱ्याची ओढ मधल्या भागापेक्षा जास्त असते, वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस 875 भाग 3 मध्ये त्याचे वेगळे आकडे आहेत. तिथे क्लिपा जवळ जवळ घ्यायच्या आणि उचलीचा रिपोर्ट एएसटीएम ई 1592 चा, म्हणजे छपराच्या पत्र्यावर हवेचा दाब देऊन बघायच्या अमेरिकन टेस्टचा, मागायचा. कंपनीचा माणूस दर वेळी ब्रोशरच पाठवायचा, रंगीत फोटोंचं, त्याला ठणकावलं तेव्हा रिपोर्ट आला. आमच्या फॅब्रिकेटर अप्पांचा प्रश्न सगळ्यात बरोबर होता, 'भाऊ, पत्रा उडी गया ते काय करशात?'

एक्झिक्युशनच्या भागात दोन ओळी हमखास टाका, एक तर पत्रा ग्राइंडरनं कापायचा नाही, ठिणग्यांनी कोटिंग जळतं आणि लोखंडाचे कण गंजतात, आणि दुसरं, एसीची तांब्याची पाईप किंवा तिचं पाणी छपरावर येऊ द्यायचं नाही. 24 मीटर पत्रा ट्रकवर येत नाही, म्हणून रोलफॉर्मिंग मशीन (गुंडाळीतून पत्र्याला आकार देणारं) साईटवर येणार, तिला सपाट जागा आणि लाईट कोण देणार तेही लिहा.

आणि मंजुरीचं पत्र हातात आलं की घरी जाऊन वाचू नका, तिथेच वाचा. आमच्या पत्रात एवढं सगळं होऊनही कामाच्या वर्णनात टायपिस्टनं सवयीनं 'जीआय पत्रा, स्क्रूसह' असंच टाकलं होतं, ठेकेदाराला ती एक ओळ पुरली असती. शुद्धिपत्रक काढून घेतलं तेव्हाच मी खुर्चीवरून उठलो.