बीपी आईचा, मग बाळाची नाळ कशाला?

प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गर्भारपणातल्या बीपीच्या आजारात, बीपी आईचा वाढतो, लघवीत प्रथिनं आईच्या जातात, मग तुम्ही नाळेच्या धमनीतली फॅटी ॲसिड्स का मोजता? सरळ आईचं रक्त काढा की! घरच्यांपासून सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आईच्या रक्तात तिनं काल काय खाल्लं तेही डोकावतं. धमनीची भिंत मात्र महिनोन्‌महिने घडत असते. नाळेत शीर एक आणि धमन्या दोन. शीर वारेकडून बाळाकडे रक्त आणते, धमन्या ते बाळाकडून परत नेतात. म्हणजे धमनी बाळाचीच. तिच्या भिंतीत मज्जातंतू जवळपास नसतातच, आवळणं-सैलावणं बरंचसं तिथल्या रसायनांवर चालतं. ॲराकिडोनिक आम्ल या फॅटी ॲसिडपासून तयार होणारं प्रोस्टासायक्लिन वाहिनी सैल ठेवतं, त्याच आम्लाचं थ्रॉम्बोक्सेन ती आवळतं. कच्चा माल किती शिल्लक आहे हे बघणं वेडेपणा नाही, एवढं तरी माना.

आता ज्याबद्दल मी बोलायचं टाळते ते.

पहिल्या वर्षी माझे आकडे देखणे आले होते. आजारी गटात ॲराकिडोनिक कमी, डीएचए (माशाच्या तेलातलं फॅटी ॲसिड) कमी, पामिटिक हे साधं संतृप्त फॅटी ॲसिड जास्त. मी मीटिंगमध्ये आलेख लावला आणि मागच्या रांगेतून एका ज्युनिअर मुलीनं विचारलं, "मॅडम, रात्रीच्या नाळा फ्रीझरमध्ये कधी जातात?" मी म्हटलं, "लगेच."

संध्याकाळी नोंदवही उघडली. प्रसूती रात्री २.१०, गोठवलं सकाळी ९.४०. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढेही तेच. लॅबला रात्री कुलूप असायचं, म्हणून सिस्टर बिचाऱ्या डबी साध्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. बीपी आटोक्यात येईना म्हणून अवेळी केलेली सिझेरियन बहुतेक आजारी गटातली. निरोगी गटातली ठरवून केलेली, दिवसा, आणि त्या नाळा तासाभरात उणे ८० अंशांत. ॲराकिडोनिकमध्ये चार दुहेरी बंध, डीएचएत सहा. हवेतल्या ऑक्सिजननं आधी तेच बिघडतात. पामिटिकमध्ये एकही नाही, ते जागचं हलत नाही. शिवाय मी सगळं टक्केवारीत मांडलेलं, म्हणजे दोन घटले की तिसरं आपोआप वाढल्यासारखं दिसणार. आजार मोजत होते की रात्रभराची दिरंगाई?

वही मिटून मी बराच वेळ तशीच बसले. खरं सांगायचं तर पहिला विचार त्या मुलीला गप्प कसं करावं हाच आला होता.

आता प्रत्येक नळीत आधी ठरलेल्या मापाचं, नाळेत एरवी जवळपास नसणारं १७ कार्बनचं आम्ल घालते, बाकीची त्याच्याशी ताडून बघते, म्हणजे टक्क्यांऐवजी खरं वजन कळतं. द्रावणात अँटिऑक्सिडंट असतं, चरबी विरघळवायला वापरलेलं क्लोरोफॉर्म हवा लागू नये म्हणून नायट्रोजनच्या झोताखाली उडवते. रात्रीच्या नाळेसाठी स्वतः जाते. नाळेतल्या निसरड्या जेलीतून धमनी सोडवताना चिमटा अजूनही घसरतो. पण एक गाठ सुटत नाही. प्रीएक्लॅम्पसियात बाळंतपण बऱ्याचदा दिवस भरण्याआधी करावं लागतं, आणि बाळाच्या अंगात डीएचए साठतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. तुलनेला तितक्याच आठवड्यांची निरोगी नाळ हवी. पण निरोगी गर्भारपण तितक्या लवकर संपतं कुठे? कुठल्या तरी दुखण्यानंच ना!

तेव्हाची मी म्हणाली असती, फरक आहेच, नमुने वाढव. आजची मी तिला विचारते, कोणाचे नमुने? यावर आमचं दोघींचं अजून जमलेलं नाही.

आणि हो, माशाचं तेल घेऊ का, हा दुसरा प्रश्न. बीपीच्या या आजारासाठी ते सुचवण्याइतका पुरावा माझ्या नळ्यांत नाही. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला आज रात्रीच्या ड्यूटीवर कोण आहे ते बघायचंय.