दगडाच्या मागे मागे: नैऋत्य फ्रान्समधली पायी भटकंती, आतापर्यंतची नोंद

नमस्कार मंडळी,

हिवाळ्यात नकाशे पसरून ठरवलं होतं, की या वर्षी तुलूझच्या उत्तरेला असलेली लॉत नदीच्या आसपासची जुनी गावं गाडीने गाठायची नाहीत. आगगाडीने जवळच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि पुढे एका गावातून दुसऱ्या गावात चालत. आणि गावात शिरल्यावर सगळ्यात आधी बघायचं ते भिंती आणि छपरं. या भागात रेल्वे येईपर्यंत घर बांधायचा दगड बैलगाडीच्या पल्ल्याबाहेरून सहसा कोणी आणत नसे. त्यामुळे पायाखालचा खडक बदलला की गाव बदलतं, रंगासकट. सह्याद्रीत आपण नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत चाललो तरी कातळ काळाच. इथे दोन-तीन दिवसांच्या चालीत तीन वेगळे खडक भेटतात, आणि ते गाडीच्या काचेतून कळत नाही.

गावं निवडायला मी 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' या संघटनेची यादी घेतली. १९८२ साली कोलोंज-ला-रूजचे महापौर शार्ल सेराक यांनी ती सुरू केली. अट अशी, की गावाची वस्ती दोन हजारांच्या आत हवी आणि किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत. यादी चांगलीच आहे, पण माझ्यासाठी ती फक्त नकाशावरच्या खुंट्या. खरा माल दोन खुंट्यांच्या मधल्या वाटेवर मिळतो.

कोंक

सुरुवात गोलिन्याकहून केली. ल प्युईहून स्पेनमधल्या सांतियागोकडे जाणारी जुनी ख्रिस्ती यात्रेची वाट, म्हणजे आजची जीआर ६५ (जीआर म्हणजे खुणा केलेली लांब पल्ल्याची पायवाट), इथून कोंकला उतरते. अंतर साधारण एकवीस किलोमीटर. शेवटचा उतार चांगलाच तीव्र आहे आणि पाऊस पडून गेला असेल तर शिस्ट या थराथरांनी सुटणाऱ्या खडकाच्या पातळ पापुद्र्यांवरून पाय सटकतो, काठ्या सोबत ठेवाच. पण हाच उतार तुम्हाला गावाचा दगड आधीच दाखवून ठेवतो. वाटेत पायाखाली ज्या करड्या, चकाकत्या चिपा येतात, त्याच खाली घरांच्या छपरांवर माशाच्या खवल्यांसारख्या बसवलेल्या दिसतात. वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे जाता जाता लहान होत गेलेल्या. दूर्दू नदीच्या बाजूने वर बघितलं तर गाव डोंगरातून वेगळं काढता येत नाही.

सेंत फुआ या संत स्त्रीचं मठ-चर्च मात्र तीन दगडांचं आहे, आणि ते तिन्ही एका भिंतीत दिसतात: करडा शिस्ट, कोंब्रेकडचा तांबूस वालुकाश्म आणि ल्युनेलच्या पठारावरचा पिवळसर चुनखडक. संध्याकाळच्या उन्हात पिवळा दगड इतका उजळतो, की बाकीचे दोन मागे सरतात. अकराव्या-बाराव्या शतकात त्यांनी कोरीव कामासाठी तोच का निवडला, हे उन्हात उभं राहिल्यावर आपोआप कळतं.

दारावरच्या अर्धवर्तुळात अंतिम न्यायाचा देखावा आहे, सव्वाशेच्या आसपास आकृत्या. त्याच्यासमोर नुसतं उभं राहू नका, दुर्बीण लावा. नरकाच्या बाजूला एका चोरट्या शिकाऱ्याला ससा आगीवर भाजतो आहे. स्वर्गाच्या बाजूला सेंत फुआ वाकून नमस्कार करते आहे आणि तिच्या मागे कमानींना बेड्या टांगल्या आहेत. तिच्या कृपेने सुटलेले कैदी आपल्या बेड्या इथे आणून वाहत, अशी श्रद्धा होती. आणि सगळ्यात बाहेरच्या कमानीवर काही चेहरे दगडी पट्टीच्या कडेला बोटं धरून आत डोकावतात. एकेकाची बोटं वेगळी मोजता येतात. निळ्या आणि लाल रंगाचे अंश अजून शिल्लक आहेत.

आत १०४ खिडक्यांच्या काचा चित्रकार पिएर सुलाज यांनी केल्या, १९९४ साली त्या बसवून झाल्या. सुलाज जवळच्याच रोदेझचे. काचेत रंग नाही, चित्र नाही, फक्त शिशाच्या वाकड्या समांतर रेघा. पुष्कळांना त्या जुन्या चर्चमध्ये खटकतात. माझं मत उलट आहे. रंगीत काचा असत्या, तर आतला तो तिरंगी दगड दिसलाच नसता. प्रकाश आत येतो आणि सगळा दगडावर पडतो. दुपारी एकदा आणि सूर्य मावळताना पुन्हा, असं दोनदा आत जाऊन बसा.

शाकाहारी मंडळींसाठी: या भागात आलिगो मिळतं. उकडून घोटलेल्या बटाट्यात ताजं चीज आणि लसूण घालून लांब तार सुटेपर्यंत ढवळतात. ज्या गीतमध्ये (वाटसरूंच्या साध्या मुक्कामघरात) राहिले, तिथल्या मादामना दोन दिवस आधी फोनवर सांगून ठेवलं होतं, तर त्यांनी मोठं पातेलंभर केलं आणि आग्रहाने दोनदा वाढलं. सोबत सॉसेज नको, हे आधीच सांगा.

सेले नदीचा काठ

फिजाक शहरानंतर बहुतेक यात्रेकरू पठारावरून सरळ काजार्ककडे जातात. मी सेलेच्या खोऱ्याची जीआर ६५१ घेतली आणि तुम्हीही तीच घ्या. इथून शिस्ट संपतो आणि केर्सी प्रांताचा चुनखडक सुरू होतो. नदीने कडे कापून काढले आहेत आणि गावं त्या कड्यांना पाठ लावून बसली आहेत, काही घरांची मागची भिंत म्हणजे कडाच. एस्पान्याकला लाकडी चौकटीत विटा भरलेला घंटेचा मनोरा आहे. मार्सियाकला बेनेडिक्टिन मठाचं छप्पर गेलेलं चर्च आहे, त्याच्या कमानींमधून थेट आकाश दिसतं.

वाट मधूनच वर पठारावर चढते. या पठाराला कॉस म्हणतात. पाणी चुनखडकात मुरून जातं, त्यामुळे वर ओढा म्हणून नाही. खुरटे ओक, ज्युनिपर आणि मैलोगणती गडगे. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेल्या मेंढ्या हे इथलं वैशिष्ट्य, चष्मा लावल्यासारख्या दिसतात म्हणून त्यांना तसंच नावही पडलं आहे.

गडग्यांना लागून धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या दगडी खोपी आहेत, त्यांना इथे काझेल किंवा गारियोत म्हणतात. एकीत शिरून बराच वेळ बसले. चुना नाही, माती नाही, तुळई नाही. प्रत्येक थर खालच्यापेक्षा चार बोटं आत सरकवलेला, असं करत करत वर एका चपट्या दगडाने तोंड मिटवलेलं. नीट बघितलं तर प्रत्येक दगड बाहेरच्या बाजूला किंचित कललेला आहे, म्हणजे पावसाचं पाणी आत न येता बाहेर निथळतं. बाहेर सर येऊन गेली, आत जमीन कोरडी. २०१८ मध्ये युनेस्कोने फ्रान्ससह आठ देशांतल्या कोरड्या दगडी बांधकामाची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. कोकणात गडगा रचणारे हात अजून आहेत. कोणाच्या गावी असे कारागीर असतील, तर त्यांच्या कामाचे फोटो काढून ठेवा, दगड कसा निवडतात हे विचारून लिहून ठेवा.

काब्रेरेला पेश मेर्ल गुहा. १९२२ साली गावातल्या पोरांनी ती शोधली. ठिपकेवाल्या दोन घोड्यांचं चित्र साधारण २९ हजार वर्षांपूर्वीचं मानतात. त्यातल्या उजव्या घोड्याचं तोंड खडकाच्या मूळ कडेवरच बसवलं आहे, आधी दगडात घोडा दिसला आणि मग तो रंगवला. लास्कोची प्रसिद्ध चित्रगुहा १९६३ पासून बंद आहे, इथे मात्र अजून मूळ चित्रांसमोर उभं राहता येतं. दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात, म्हणून उन्हाळ्यात आगाऊ नोंदणी करावीच लागते.

बुझिएस ते सँ-सिर्क-लापोपी

बुझिएसला सेले लॉतला मिळते. इथून पुढची वाट कड्याच्या पोटात कोरलेली आहे. होड्या दोराने ओढत नेण्यासाठी एकोणिसाव्या शतकात ती खोदली. डोक्यावर खडक, एका बाजूला नदी. अलीकडच्या काळात डॅनियेल मोनिए या शिल्पकाराने भिंतीवर शंख-शिंपले आणि मासे कोरले आहेत, चुनखडक समुद्रात तयार झाला याची छान आठवण. वाट लहान आहे, पण या अख्ख्या उपक्रमातला सगळ्यात सुंदर टप्पा हाच.

सँ-सिर्क-लापोपी नदीपासून शंभर मीटर उंच कड्यावर आहे. कवी आंद्रे ब्रेतों १९५० मध्ये इथे आले आणि या गावात त्यांनी घर घेतलं. गाव देखणं आहे यात शंका नाही, पण उन्हाळ्यात अकरानंतर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. सकाळी आठच्या आत पोचा, चर्चमागच्या खडकावर चढा, आणि गर्दी यायच्या आधी उतरा.

त्युरेन ते कोलोंज

हा टप्पा मी याच उपक्रमासाठी मुद्दाम राखून ठेवला होता. त्युरेन पांढऱ्या चुनखडकाचं, किल्ल्याच्या टेकडीला वेढून असलेलं. तिथून कोलोंज-ला-रूज साधारण दहा किलोमीटर. मधे मेसाकचा भूभ्रंश, म्हणजे दोन बाजूंचे खडक एकमेकांपासून सरकलेली भेग, येतो. त्याच्या एका अंगाला चुनखडक, दुसऱ्या अंगाला लोहामुळे लाल झालेला वालुकाश्म. कुठे पाटी नाही. आधी शेताची माती गुलाबी होते, मग गडग्यात एखाददुसरा लाल दगड दिसायला लागतो, मग पांढरे कमी कमी होत जातात, आणि एका वळणावर कोठाराची अख्खी भिंत लाल. मी मागे जाऊन तो तुकडा पुन्हा चालले.

कोलोंजमध्ये घरं, बुरूज, कमानी, सगळं त्याच लाल दगडाचं. चर्चच्या दारावरचं कोरीव अर्धवर्तुळ तेवढं पांढऱ्या चुनखडकाचं. लाल वालुकाश्म खरबरीत, बारीक नक्षी त्यात टिकत नाही, म्हणून कोरायला भ्रंशापलीकडचा दगड आणला. कोंकच्या कारागिरांनीही हेच केलं होतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं

जीआर वाटेची खूण वर पांढरा आणि खाली लाल पट्टा, त्याच रंगांची फुली दिसली तर तिकडे जायचं नाही. छोट्या स्थानिक वाटांना पिवळी खूण. पाणी संपलं तर गावाच्या दफनभूमीत जा, फुलांना पाणी घालण्यासाठी तिथे बहुधा नळ असतोच. 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर पिऊ नका. सोमवारी लहान गावातली बेकरी बऱ्याचदा बंद असते, रविवारी सकाळीच दोन दिवसांचा पाव घ्या. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम, त्यात नारिंगी जाकीट घालून चाला.

पुढचा टप्पा

आता काँतालचा डोंगराळ भाग. लाखो वर्षांपूर्वी विझलेल्या, सत्तर किलोमीटर व्यासाच्या ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर सालेर गाव आहे, काळसर लाव्हा दगडाचं. तिथून प्युई मारी, १,७८३ मीटर, चालत गाठायचा विचार आहे. पास द पेरोलची खिंड हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते, ती उघडली की मे अखेरीस निघेन. सोबत भिंग आणि राजगडाच्या पायथ्याशी उचललेला बेसॉल्टचा एक तुकडा नेणार आहे, सालेरच्या भिंतीला लावून बघायला. सालेर ते प्युई मारी कोणी चाललं असेल, तर मुक्कामाची जागा आणि वाटेतलं पाणी एवढं नक्की कळवा.