सरकारी वकील असताना मी तारखेला काऊन जाते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण मावशीपासून नव्या शेजारणीपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. खटला सरकार लढतंय, सरकारी वकील आहे, मग पगार बुडवून, शेवटी नोकरी घालवून तू तारखेला काऊन जातीस? शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालं आणि माझ्या वडिलांचा, अप्पांचा, खून झाला, हे तुम्हाला माहीत आहे, बाकी परत सांगत नाही.

एक तर मी दर तारखेला गेले नाही, ते शक्यच नव्हतं. पण समन्स आल्यावर जावंच लागतं, ते काही लग्नाचं आवतन नाही. नाही गेलं तर वॉरंट निघू शकतं. आणि समन्स नसताना गेले त्याचं कारण खरं सांगायचं तर हे की आरोपींची अख्खी भावकी कोर्टात येऊन बसते, ते जामिनावर, आणि आमच्या बाजूला आई एकटी. मला ते सहन होत नाही. यात न्यायबिय काही नाही, मला कळतं ते.

कायदा म्हणाल तर तो आमच्या बाजूनं बोलतो की. मेलेल्या माणसाचे वारस सीआरपीसीच्या (फौजदारी खटला कसा चालवायचा त्या कायद्याच्या) २००९ च्या दुरुस्तीपासून पीडित धरले जातात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीच्या (शेतकऱ्यांच्या अंगावर गाडी घातल्याचा आरोप होता) जामिनाच्या प्रकरणात सांगितलं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे. वाचून मी लई रडले होते. पण त्या टप्प्यापर्यंत पोचायला कामाचा दिवस कुठून आणायचा, ते कुठंच नाही. महाराष्ट्रातल्या २०१७ च्या दुकानं-आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, त्याही वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा होतं), आणि त्यातच आजारपण, लेकराची शाळा, मयत, सगळं बसवायचं. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यात चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, आणि ते योग्यच आहे. पण बापाच्या खुनाचा खटला चालू असेल तर खाजगी नोकरीत त्यासाठी वेगळी रजा नाही.

आता जे झालं ते. संभाजीनगरला कपड्याच्या दुकानात मी बिलिंगला होते. माझ्या साक्षीचं समन्स आलं ते नेमकं लगनसराईत. मालकांना कागद दाखवला. ते म्हणले, कोर्टाला सांग ना पुढची तारीख द्या म्हणून. मी म्हणलं, दादा, साक्षीदाराच्या सांगण्यावर तारीख नाही मिळत हो. शेवटी एक दिवस तोंडी दिला. रात्रीच्या रेल्वेनं परभणी, तिथून एसटी. दुपारपर्यंत बाहेर बाकावर, समोर तेच लोक. पुकारा झाला, सरतपास झाली, म्हणजे सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं सांगितलं, कोण कुठं उभं होतं, दांडा कोणाच्या हातात होता. मग आरोपींच्या वकिलांची उलटतपास सुरू झाली आणि वेळ संपली, बाकी उद्या. नियमानं तेच बरोबर आहे, साक्षीदार हजर असेल तर साक्ष रोजच्या रोज पुढं चालवावी असंच आहे, पण मला रजा एकच दिवसाची होती. दुकानात फोन केला तर मालक नुसतं "उद्या पण?" म्हणले आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वकिलांनी विचारलं, तुम्ही संभाजीनगरला नोकरी करता, मग घटनेच्या दिवशी गावात कशा काय? रजेचा अर्ज दाखवा. मी म्हणलं, रजा तोंडी घेतली होती. म्हणजे कागद नाही? नाही. हजेरी रजिस्टर? ते मालकाकडं. म्हणजे तुम्ही त्या दिवशी दुकानातच होतात, गावात नव्हतातच. अप्पांचं डोकं मी माझ्या मांडीवर धरलं होतं, आणि मी तिथं होते की नव्हते हे आता दुकानाच्या रजिस्टरवर आलं. मी ओरडले, जज साहेबांनी शांत बसवलं, पाणी द्यायला लावलं. सरकारी वकील मॅडम बाहेर म्हणल्या, गरज पडली तर तुमच्या मालकांना रजिस्टर घेऊन बोलवू.

हे मी परत गेल्यावर मालकांना सांगितलं. लपवून काय करणार होते, समन्स आलंच असतं. ते म्हणले, दुकानाला कोर्टात ओढतेस का? दुसऱ्या दिवशी काउंटरवर दुसरी मुलगी होती. मालक वाईट माणूस नाही, अप्पा गेले तेव्हा त्यांनी ॲडव्हान्स दिला होता, तेही खरंच आहे. पण म्हणून हे बरोबर होत नाही.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगायचे: रजा लेखीच मागा, समन्सची झेरॉक्स जोडा, दिवसभर बसलात तर कोर्टातून हजेरीचा दाखला घ्या, साक्षीदाराच्या भत्त्याचं विचारा, जुन्या सीआरपीसीत कलम ३१२ होतं, तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५०, कोर्ट सरकारकडून वाजवी खर्च द्यायला लावू शकतं. परवा शेजारच्या दुकानातली एक पोरगी विचारायला आली, तिची छेडछाडीची केस आहे. तिला हेच सांगितलं आणि सांगता सांगता थांबले. लेखी अर्ज दिला की मालकाला कळतं ही आता कोर्टकचेरीवाली आहे. नाही दिला तर पुढं वकील विचारणार, कागद कुठंय. आधी मी छातीठोक सांगत होते, आता तिला काय सांगू?

मला वाटतं समन्सच्या दिवसाची पगारी रजा कायद्यात पाहिजे, वीसच्या आतल्या दुकानांनाही लागू, आणि त्या कारणावरून कामावरून काढता येणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. आत्याचा मुलगा म्हणतो, माझ्या किराणा दुकानात दोनच पोरं, एक तुझ्यासारखं कोर्टात गेलं तर त्या दिवसाचा पगार मी काऊन द्यायचा, गुन्हा मी केला का? मी म्हणलं, सरकारनं द्यावा, खटला सरकारचा आहे ना. तो म्हणला, सरकार कधी देईल? यावर आमचं अजून भांडण चालू आहे. युक्तिवाद बाकी आहेत, मी जाणार आहे, नव्या ठिकाणी कामाला लागतानाच सांगून ठेवलंय, ते "बघू" म्हणलेत.