सॅन्सुई एयू-७१७ : दोन्ही चॅनेल वाजले!

परवा रात्री साडेअकराला माझ्या जुन्या सॅन्सुई अ‍ॅम्पचे (स्पीकर वाजवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचे) दोन्ही चॅनेल पहिल्यांदा एकत्र वाजले. डावा चॅनेल मधूनच गुडूप व्हायचा, त्याचं कारण हाती लागलं. पूर्वी कुणीतरी प्रोटेक्शन रिले (बिघाड झाला तर स्पीकर तोडणारा स्विच) बदलला होता आणि त्याच्या दोन पायांना ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाग, राहिलं होतं. जुनं सोल्डर काढून नीट डाग दिला, बस्स.

चालू करताना मात्र घाई केली नाही. सेट अमेरिकेतून आलेला, १२० व्होल्टचा. म्हणून आपली वीज १२० वर आणणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर, आणि त्याच्या आधी सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब: आत शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटत राहतो आणि सेट वाचतो. बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि मंदावला, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग अर्धा तास तापू देऊन ऑफसेट, म्हणजे स्पीकरच्या टोकांवर येणारा नको असलेला डीसी व्होल्टेज, मोजला: डावीकडे ४१ मिलिव्होल्ट, उजवीकडे १८. प्रीसेट (जुळवणीचे छोटे स्क्रू) अगदी केसभर फिरवत दोन्ही ५ च्या खाली आणले. हा डीसी अ‍ॅम्प आहे. पॉवर स्टेजमध्ये सिग्नलच्या वाटेत कपॅसिटर नाही, त्यामुळे आत शिरलेला डीसीही वाढून थेट स्पीकरपर्यंत पोचतो. इथे आळस करू नका.

झाकण उघडं असताना नजर पुन्हा पुन्हा जाते ती पॉवर सप्लायकडे. डाव्या-उजव्या चॅनेलला वेगवेगळे ट्रान्सफॉर्मर! १९७७ चा, चॅनेलला ८५ वॅटचा हा अ‍ॅम्प उचलताना कंबर का बोलते ते तिथे कळतं. आणि यात नवल नाही, कारण कंपनीचं मूळच ते. कोसाकू किकुची यांनी १९४७ मध्ये तोक्योत सॅन्सुई काढली ती ट्रान्सफॉर्मर बनवायला. युद्धानंतरच्या जपानमध्ये रेडिओसाठी चांगले ट्रान्सफॉर्मर हवे होते. ‘सानसुई’ म्हणजे डोंगर आणि पाणी, जपानी निसर्गचित्राचा शब्द. १९६५ चा एयू-१११ हा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प, आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आवाज निम्मा आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर ठरतो. तिथे यांचा हात आधीच बसलेला होता. माझ्या मते पुढच्या ट्रान्झिस्टर मॉडेलांमधला भरदार खर्जही याच सवयीचा: आधी वीज भक्कम, मग बाकी सगळं.

सत्तरच्या दशकात त्यांनी चार स्पीकरच्या क्वाड्राफोनिक आवाजासाठी स्वतःची क्यूएस पद्धत आणली. सीबीएसची एसक्यू वेगळी, जेव्हीसीची सीडी-४ वेगळी. गिऱ्हाईक गोंधळलं आणि तो प्रकार मागे पडला. क्यूएसचा डीकोडर मला एकदा तरी ऐकायचाय.

पुढची कहाणी सांगताना वाईट वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कंपनी ब्रिटनच्या पॉली पेक या उद्योगसमूहाकडे गेली, आणि १९९० मध्ये पॉली पेकच कोसळली. नंतर नाव हातोहात फिरत राहिलं. आपल्याकडे औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने ते टीव्हीवर लावलं, म्हणून माझ्या वयाच्या बहुतेकांना सॅन्सुई म्हटलं की टीव्हीच आठवतो. मूळ कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. गेल्या आठवड्यात शेजारचे काका हा अ‍ॅम्प बघून म्हणाले, “अरे, सॅन्सुई हेही बनवायची?” त्यांना बसवून तासभर ऐकवलं. जाताना ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र जपून ठेवलेल्या रेकॉर्डी घेऊन आले.

त्यामुळे पुढचं काम ठरलं: फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग. काय ऐकायचं ते निवडणारा सिलेक्टर खरखरतोय, तो आधी साफ करतो. सर्व्हिस मॅन्युअलमधल्या फोनो बोर्डाच्या पानाची स्वच्छ प्रत कुणाकडे असेल तर जरूर कळवा, माझ्याकडची फार पुसट आहे.