होल्टरच्या कागदात न मावलेलं

मंगळवार, सकाळी ११

छातीवर पाच चिकटपट्ट्या, कमरेला काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, होल्टर: चोवीस तास हृदयाचे ठोके नोंदवत राहणारं. होल्टर लावणाऱ्या मुलीने वायरी टेपने नीट बसवल्या, उद्या याच वेळेपर्यंत आंघोळ नाही असं बजावलं आणि हातात एक कागद ठेवला. तीन रकाने: वेळ, काय करत होतात, काय वाटलं.

"सगळं लिहा हं काकू. जिना चढलात, भांडलात, आडव्या झालात, सगळं."

रोजनिशी मी वर्षानुवर्षं लिहिते, त्यामुळे गृहपाठ सोपा वाटला. पण "काय वाटलं"च्या रकान्यात जेमतेम दोन शब्द मावतात. उरलेलं इथे.

नॉर्मन होल्टरचं पहिलं यंत्र, १९४०च्या दशकाच्या शेवटचं, पाठीवर बांधून फिरावं लागे आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं म्हणे. हे वाचल्यावर पट्टीखाली खाज सुटतेय अशी तक्रार करायची लाज वाटली. खाज मात्र सुटतेच आहे.

डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं होतं की अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. तेवढ्यावरून हे.

मंगळवार, दुपारी ३

घड्याळाने आज ४१ दाखवले. चार महिने झाले, या एचआरव्हीच्या, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याच्या आकड्याने मला वेड लावलंय. सकाळी डोळे उघडले की चष्म्याआधी मनगट. २७ पासून सुरुवात केली होती. मिनिटाला सहा श्वास असा संथ सराव रोज वीस मिनिटं करते आणि आकडा चढतोय. नवरा म्हणतो, "अगं, शेअरबाजार आहे का तो?"

गंमत अशी की हृदय घड्याळासारखं चालावं हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं. ते साफ चुकीचं निघालं. नाडी मिनिटाला ६० असली तरी दर ठोका १००० मिलिसेकंदांनी पडत नाही. कधी ९४०, कधी १०३०, कधी १०६०. हा हेलकावा जितका मोकळा तितकं बरं.

आत्ता पुन्हा करून पाहिलं. उजव्या मनगटावर तीन बोटं, डोळे मिटलेले. श्वास आत घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. अगदी शेवटी, श्वास संपता संपता, एक ठोका इतका रेंगाळतो की वाटतं, येतोय ना? मग येतो, जरा जोरात. कार्ल लुडविगने १८४७ साली फिरत्या नळकांड्यावर हीच चढउतार रेखून दाखवली होती. माझ्याकडे तीन बोटं आहेत, काम भागतं.

हृदयातली सायनस गाठ मोकळी सोडली तर मिनिटाला साधारण शंभर ठोके देते. मेंदूकडून येणारी व्हेगस नस तिला आवरून धरते. श्वास घेताना लगाम सैल, सोडताना ताणलेला. ही नस ठोक्याच्या आत परिणाम करते, तर धावपळीच्या वेळी जागी होणाऱ्या सिम्पथेटिक यंत्रणेला काही सेकंद लागतात. म्हणून श्वासाबरोबर झुलणारा हेलकावा म्हणजे बहुतेक व्हेगसचाच हात. प्रत्यारोपणात या नसा कापल्या जातात. नवं हृदय मग विश्रांतीतही नव्वद-शंभरच्या घरात, जवळजवळ एकसुरी ठोके देत राहतं. कोणी न थोपटणारं हृदय. (हे वाक्य जरा जास्तच झालं, पण राहू दे.)

मंगळवार, संध्याकाळी ७:३०

लिफ्ट बंद. चार मजले चढून आले, हातात दोन पिशव्या. तिसऱ्या मजल्यावर खालचा जबडा डावीकडे आवळल्यासारखा झाला, जशी दाढ काढायच्या आधी सगळी बाजू जड होते तशी. धापही लागली. कठड्याला टेकून दोन मिनिटं उभी राहिले, मोबाइल बघत असल्याचं नाटक करत, कारण वरून शेजारीण उतरत होती. मग गेलं.

ती दाढ दाखवायला हवी. तीन-चार महिने हे असंच चाललंय, जिना चढताना आणि घाईने चालताना. थंड पाणी लागलं तर मात्र काही होत नाही. विचित्रच दाढ.

कागदावर लिहिलं: ७:१०, जिना, चार मजले. तिसरा रकाना कोरा ठेवला. हृदयाच्या कागदावर दाढेचं काय लिहायचं?

मंगळवार, रात्री ११:४५

वायरी टोचतायत, झोप नाही. वाचत बसले.

१९६०च्या दशकात हॉन आणि ली यांनी पाहिलं की पोटातलं बाळ संकटात असलं तर ठोक्यांची गती बदलायच्या आधीच हा हेलकावा बिघडतो. १९७८ साली ऑस्ट्रेलियात वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांचा हेलकावा कमी, त्यांच्यात मृत्यू जास्त. मग १९८७चा क्लायगर यांचा अभ्यास, ज्याचं नाव सगळीकडे येतं. झटक्यातून वाचलेले ८०८ रुग्ण, प्रत्येकाला होल्टर. ज्यांचं एसडीएनएन (चोवीस तासांतल्या या हेलकाव्याचं माप) ५० मिलिसेकंदांच्या खाली, त्यांना १०० च्या वर असणाऱ्यांच्या मानाने मृत्यूचा धोका ५.३ पट. आणि १९९० साली हायानो आणि सहकाऱ्यांनी अँजिओग्राफी झालेल्या लोकांत पाहिलं, तर धमन्यांचा आजार जितका जास्त, तितका श्वासाबरोबरचा हेलकावा कमी.

म्हणजे माझं ठीक चाललंय. २७ वरून ४१. आकडा वर, अर्थात धमन्या साफ. आता झोपावं.

शनिवार

वरचं शेवटचं वाक्य खोडणार नाही. मंगळवारी रात्री मी तेच लिहिलं होतं आणि मला ते पटलंही होतं.

आज रिपोर्ट. डॉक्टरांनी पहिलं पान उघडलं. चुकल्यासारखे वाटणारे ठोके म्हणजे साधे एक्स्ट्रा बीट्स, थोडे, निरुपद्रवी. "एसडीएनएन ११८. छान आहे." मी खुर्चीत जरा सैलावले. मग त्यांनी पान उलटलं आणि थांबले.

"सात वाजून दहा मिनिटांनी काय करत होतात?"

"जिना चढत होते. लिहिलंय की."

"ते दिसलं. काय वाटलं ते नाही लिहिलंत."

मी म्हटलं, काही नाही, दाढ. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दाढ जिना चढतानाच दुखते? आणि थांबलं की थांबते?"

हा प्रश्न मला चार महिन्यांत एकदाही सुचला नव्हता. रोजनिशीत स्वतःच "विचित्रच दाढ" असं लिहूनसुद्धा.

ईसीजीच्या पट्टीवर त्या वेळी रेषेचा एसटी नावाचा भाग चार मिनिटं खाली उतरलेला होता, म्हणजे हृदयाच्या स्नायूला हवं तेवढं रक्त पोचत नव्हतं. छातीत कळ यायलाच हवी असं नाही. जबडा, खांदा, पाठ, नुसती धाप, कुठूनही बोलतं ते, आणि बायकांमध्ये तर बरेचदा असंच आडून.

मी माझे ४१ पुढे केले. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाले की घड्याळाचा आकडा आणि होल्टरचा आकडा एका तराजूत घालू नका. चोवीस तासांच्या एसडीएनएनमध्ये दिवस आणि रात्र यांच्यातला फरकही येतो, घड्याळ बघतं ते थोड्या वेळाचा तुकडा, आणि प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं. १९९६ साली युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी या मोजमापाचे नियम ठरवले, तेव्हाच सांगितलं होतं की वेगवेगळ्या लांबीच्या नोंदींची तुलना करू नये.

मग माझा मूळ घोटाळा सापडला. क्लायगर यांच्या अभ्यासातल्या लोकांना झटका येऊनच गेला होता. कोणाची धमनी अरुंद आहे हा तिथे प्रश्नच नव्हता, प्रश्न होता आता कोणाला जास्त जपायचं हा. आणि आजारी लोकांत हेलकावा कमी असतो हे खरं असलं तरी हेलकावा चांगला म्हणजे आजार नाही, हे त्यातून निघत नाही. हे वाक्य मी उलटं फिरवलं आणि त्याच्या उबेत चार महिने झोपले. कमी आकड्यानेही धमनीबद्दल ठाम काही कळत नाही. वय, मधुमेह, सिगारेट, नैराश्य, ताप, अर्धवट झोप, सगळेच तो खाली ओढतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तर ठोके सैरावैरा पडतात आणि आकडा भरघोस येतो. तो कोणी मिरवू नये.

संथ श्वासानेही माझा आकडा खरोखर वाढला होता, त्यात खोट नव्हती. मिनिटाला सहा श्वास घेतले की श्वासाची आणि रक्तदाबाची लय एकमेकींत मिसळते आणि हेलकावा काही मिनिटांत फुगतो. लगाम छान हलत होता. धमनी मात्र होती तशीच होती. १९८९ साली याहून भयंकर प्रकार उघड झाला होता. झटक्यानंतर येणारे एक्स्ट्रा बीट्स औषधांनी दाबले, पट्टी स्वच्छ दिसू लागली, आणि फ्लेकेनाइड, एन्केनाइड घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्यापुढे माझं श्वासांचं वेड म्हणजे अगदीच गरीब.

घरी येताना गाडीत नवरा काही बोलला नाही. सिग्नलला म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "दाढ होती रे."

गुरुवार

अँजिओग्राफी झाली, त्याच टेबलावर स्टेंटही. समोरून खाली उतरणाऱ्या धमनीत ८० टक्के अडथळा. पडद्यावर काळी रेघ ठसठशीत येत होती आणि मध्येच अर्ध्या सेंटीमीटरपुरती दोऱ्याएवढी होत होती. मी शुद्धीत होते, मान वळवून बघत होते. ज्या मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजायचे, त्याच मनगटातून नळी आत गेली. आता तिथे घट्ट पट्टी आहे आणि नाडी तिच्याखालून स्वतःच धडधडते, मोजायला नको.

बिछान्यावर पडल्या पडल्या डाव्या हाताने घड्याळ लावून पाहिलं. २३. चार महिन्यांतला सगळ्यात कमी आकडा, धमनी उघडल्याच्या दिवशी. हसू आलं. परिचारिकेने विचारलं काय झालं, तिला काय सांगणार.

पुढचा सोमवार

गोळ्यांची पाच पाकिटं, त्यातलं एक बीटा ब्लॉकर, हृदयाचा वेग आवरणारं. आज हळूहळू एक मजला चढून बघितला. जबडा गप्प. कठड्याला उगाच थोडी टेकले, सवयीने.

आवरताना होल्टरचा कागद सापडला, डॉक्टरांनी फाइलमध्ये परत घातलेला. ७:१० समोरचा तिसरा रकाना आता कोरा नाही. निळ्या ओळींमध्ये काळ्या शाईत, त्यांच्या घाईच्या अक्षरात लिहिलंय: जबडा, डावा. त्यापुढे प्रश्नचिन्ह होतं, ते खोडलेलं आहे.