ओईटीच्या स्पीकिंगला ‘मस्ट’ने अडवलं तेव्हा

ओईटी, म्हणजे परदेशात काम करायला नर्स-डॉक्टरांना द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा, पास होऊन बरेच दिवस झाले, तरी त्या क्लासच्या नोट्सचं एक पान आठवलं की डोकं फिरतं. सोलापुरात ड्युटी सांभाळून ही परीक्षा द्यायचा विचार करणाऱ्या नर्स मैत्रिणींनो, फॉर्म, फी, तारीख यांचं टेन्शन घेऊ नका. ते सगळं ऑनलाइन होतं, पासपोर्ट जवळ असला की झालं. रीडिंग सरावाने जमतं. माझं घोडं अडलं स्पीकिंगला, तेही एकाच जागी. समोरच्या पेशंटला ‘हे तुम्हाला करावं लागेल’ एवढं इंग्रजीत सांगायचं कसं?

स्पीकिंगमध्ये दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी साधारण ५ मिनिटांचे. हातात कार्ड देतात, ते वाचून तयारीला ३ मिनिटं मिळतात. मग समोरचा माणूस पेशंट किंवा पेशंटचा नातेवाईक होतो आणि आपण नर्स. तो माणूस मार्क देत नाही. बोलणं रेकॉर्ड होतं आणि तपासणारे वेगळे असतात. त्यामुळे तो गोड हसला म्हणून खूश होऊ नका आणि तोंड वाकडं केलं म्हणून घाबरू नका.

आता ते पान. क्लासने दिलेल्या झेरॉक्सवर एक तक्ता होता. मस्ट म्हणजे ‘च पाहिजे’, हॅव टू म्हणजे ‘लागते’, शुड म्हणजे ‘पाहिजे’. खाली ठळक अक्षरात, मस्ट आणि हॅव टू यांचा अर्थ एकच. पुढे, मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव टू, दोन्हींपुढे ‘नको’. आम्ही सगळ्या जणी ते पाठ करत होतो.

मग मॉक टेस्ट. कार्डावर नुकताच डायबेटिस निघालेला पेशंट, गोड सोडायला तयार नाही. मी तक्त्याप्रमाणे सुरू केलं. यू मस्ट स्टॉप स्वीट्स, यू मस्ट वॉक डेली, यू मस्ट चेक युवर शुगर. फीडबॅक यायला एवढा वेळ लागला की मी काय बोलले होते तेच विसरायची वेळ आली. आला तेव्हा एकच ओळ, ‘ग्रामर ओके, टोन डायरेक्टिव्ह.’ बास. टोन डायरेक्टिव्ह म्हणजे काय, कुठलं वाक्य, त्याऐवजी काय म्हणायचं, काही नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, “मॅडम, व्याकरण बरोबर आहे ना? मग प्रॅक्टिस वाढवा.” काउंटरवर विचारलं तर, “फीडबॅक बाहेरून येतो, आमच्या हातात काही नसतं.” पुढच्या मॉकची फी मात्र त्यांच्याच हातात होती. ती भरली, आवाज खाली आणून, हसून हसून तीच वाक्यं म्हटली, पुन्हा तीच वाट बघणं आणि पुन्हा तीच ओळ. स्वल्पविरामसुद्धा तोच.

गुंता सुटला वॉर्डात. नाइट ड्युटीला एक आजी सलाईनसकट कॉटवरून खाली उतरायला निघाल्या होत्या. एक पाय खाली, स्टँड कलतंय. मी धावत जाऊन म्हटलं, “आजी, उठायचं नाही हं. बेल दाबायची, मी येते.” आजी म्हणाल्या, “बरं गं बाई,” आणि पाय वर घेऊन पडल्या. मी हुकूमच सोडला होता, पण त्यांना राग आला नाही, कारण ‘आजी’ होतं, ‘हं’ होतं. आपण दिवसभर असंच बोलतो. मामा, गोळी घ्यायचीच. मावशी, पाणी प्यायचं नाही बरं का. इंग्रजीत मामा, मावशी, हं, बरं का, सगळं गळून पडतं आणि हातात उरतो तो नुसता मस्ट. अनोळखी गोऱ्या आजोबांना तो दटावल्यासारखाच वाटणार. आपल्याकडे नात्याचा शब्द जो मऊपणा देतो तो इंग्रजीत क्रियापदाकडूनच काढून घ्यावा लागतो, आणि ही गोष्ट त्या तक्त्यात कुठेच नव्हती.

मग मी माझा तक्ता केला. मस्टमध्ये बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असतो. हॅव टूमध्ये जबरदस्ती बाहेरची असते, म्हणजे नियम, डॉक्टरांची ऑर्डर, वेळापत्रक. पेशंटशी बोलताना बाहेरची जबरदस्ती बरी, आपण त्याच्या बाजूचे राहतो. त्याहून सोपं नीड टू. ‘यू विल नीड टू फास्ट फ्रॉम मिडनाइट’ म्हटलं की काम होतं आणि कुणी दुखावत नाही. सल्ला असेल तर शुड, तोही ‘आय थिंक’ लावून. स्वतःची विनंती असेल तर ‘आय वुड लाइक यू टू’. हॅड बेटरला पेशंटसमोर हात लावू नका, त्यात ‘नाहीतर बघा’ असा दम असतो. मस्ट टाकून द्यायचा असं मात्र नाही. सूचनाफलकावर, नियमांत तो शोभतो, आणि ‘यू मस्ट कम फॉर डिनर’मध्ये तर तो चक्क प्रेमाचा आग्रह आहे, आपण ‘जेवल्याशिवाय जायचं नाही’ म्हणतो तसा.

पण मला खरी चीड त्या ‘नको’ची आहे. मस्ट नॉट म्हणजे मनाई. डोन्ट हॅव टू म्हणजे गरज नाही, घेतलं तरी चालेल. ‘यू मस्ट नॉट टेक धिस टॅब्लेट’ आणि ‘यू डोन्ट हॅव टू टेक धिस टॅब्लेट’ यांत पेशंटचा जीव जाऊ शकतो, आणि आमच्या क्लासने दोघांना एकाच ओळीत बसवलं होतं! मराठीतही ‘गोळी घेऊ नका’ आणि ‘गोळी घ्यायची गरज नाही’ हे वेगळंच आहे की.

हे माझ्या आधी कळलं माझ्या ड्युटीवरच्या मैत्रिणीला. तिच्या घरी कन्नड बोलतात. ती म्हणाली, “अगं, सोपं आहे. होगबारदु म्हणजे जायचं नाही, होगबेकागिल्ल म्हणजे जायची गरज नाही. मस्ट नॉट बारदु, डोन्ट हॅव टू बेकागिल्ल.” तिने वहीत दोन उभे रकाने आखून दिले. सोलापुरात राहायचा हा एक फायदा. मराठीने दगा दिला तर शेजारचं कन्नड, तेलुगू उपयोगी पडतं. तिला आणखी एक गोष्ट फुकट मिळाली होती. कन्नडमध्ये ‘नानु होगबेकु’, कर्ता सरळ ‘मी’. मराठीत ‘मला जावं लागतं’. त्या ‘मला’मुळे आमच्या बॅचमधली एक मुलगी ‘टू मी हॅव टू गो’ म्हणायची. कर्ता आय, ही, शी असाच सरळ ठेवा. मस्टला एस लागत नाही आणि पुढे टू येत नाही. हॅव टूचं मात्र ही, शीबरोबर हॅज टू होतं.

भूतकाळाचं राहिलंच. सक्ती म्हणून मस्टला भूतकाळ नाही, तिथे हॅड टू वापरायचं. ‘ही मस्ट हॅव टेकन इट’ म्हणजे त्याने घेतली असणार, हा अंदाज झाला. ‘ही शुड हॅव टेकन इट’ म्हणजे घ्यायला हवी होती, पण घेतली नाही. केस हिस्टरी सांगताना हे दोन उलटले तर डोस चुकलेला पेशंट डोस घेतलेला ठरतो.

परीक्षेत दुसऱ्या कार्डावर ऑपरेशननंतर लवकर घरी जायची घाई झालेला पेशंट आला. मी एकदाही मस्ट उच्चारला नाही. आधी विचारलं, घरी काय अडलंय. मग ‘यू विल नीड टू’, ‘इट्स इम्पॉर्टंट दॅट’ असं करत गेले. स्पीकिंगला ‘बी’ ग्रेड मिळाली, आणि खोटं कशाला बोलू, निकालाचा स्क्रीनशॉट पहिल्यांदा क्लासच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘टोन ओके’ लिहून.

लिसनिंगवाल्यांसाठी एक आठवलं. मस्टन्टमधला मधला ट ऐकू येत नाही, ‘मसन्ट’ असं येतं. हॅव टू भराभर बोलताना ‘हॅफ्टु’ होतं. कान तसे तयार करा.

आणि रायटिंगमध्ये डॉक्टरला रेफरल लेटर लिहिताना ‘यू मस्ट रिव्ह्यू’ कधीच नाही. ‘इट वुड बी ग्रेटली अप्रिशिएटेड इफ यू कुड’ हे पूर्ण वाक्य स्पेलिंगसकट घोटून ठेवा. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये ३०० गुण चालतात, बाकी तिन्हींत ३५० लागतात, त्यामुळे वेळ कमी असेल तर आधी स्पीकिंग धरा.